गाडीचे नाक आणि सुकाणू



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे विषय शोभून दिसतात. आजचा विषय गॅरेजमधून उठून आला आहे. जीपच्या जातीच्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम उंच करून घेतला, म्हणजे तिचे स्टिअरिंग का बिघडते, एवढेच मला आपणांस सांगावयाचे आहे. विषय लहान दिसतो. तथापि त्या गाडीत आपली मुले बसतात, आणि समोरून आपलाच शेजारी मोटारसायकलवर येत असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे तो तितका लहान राहत नाही.

आपल्या जिल्ह्यात ही हौस वाढावी याला कारणेही आहेत. नेवासे-कोपरगावकडची काळी माती पावसाळ्यात चाक गिळते. उसाच्या शेतात जाणारी वाट चारी ओलांडून जाते. अकोल्याच्या पश्चिमेला, भंडारदऱ्याच्या वर, दगडगोट्यांच्या वाटा आहेत. नगर-मनमाड रस्त्याची कीर्ती तर वर्षानुवर्षे आपण सर्वजण अंगावर घेत आलो आहोत. तेव्हा गाडीचे पोट जमिनीला लागू नये, असे एखाद्या शेतकऱ्याला वाटले तर त्यात वावगे काही नाही. दुसरे कारण मात्र शेतातले नसून चौकातले आहे. नाक वर करून उभी असलेली गाडी रुबाबदार दिसते. माणसाने नाक वर करून चालावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न. गाडीने चालावे की नाही, हा भूमितीचा प्रश्न आहे.

ही भूमिती समजण्यासाठी मोटारीपाशी जाण्याची गरज नाही, सायकल पुरे. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो. तो थोडा मागे कललेला असतो. हँडलच्या दांड्याची रेषा मनाने खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक जेथे टेकते त्याच्या किंचित पुढे जमिनीला मिळते. म्हणजे चाक त्या रेषेच्या मागे फरफटत येत असते. जे मागे फरफटते ते आपोआप सरळ रेषेत येऊ पाहते. चहाच्या ढकलगाडीची छोटी चाके ढकलल्याबरोबर कशी वळून मागे येतात, ते आपण पाहिलेच आहे. मोटारीच्या पुढच्या चाकांना हाच कल दिलेला असतो आणि गॅरेजमध्ये त्याला कॅस्टर म्हणतात. वळण संपल्यावर स्टिअरिंग हातातून आपले आपण परत फिरते, ते मुख्यतः या कलामुळे.

याच्या जोडीला आणखी दोन कोन असतात. समोरून पाहिले असता चाक आत किंवा बाहेर किती झुकले आहे, तो कँबर. वरून पाहिले असता दोन्ही चाकांची तोंडे एकमेकांकडे किती वळली आहेत, तो टो. हे तिन्ही कोन गाडी एका ठरावीक उंचीवर उभी आहे असे धरून ठरवलेले असतात. उंची बदलली की कोन बदलतात. याचे कारण साधे आहे. चाक धरणारे वरचे आणि खालचे हात दरवाजाच्या बिजागरीसारखे एका टोकाला अडकलेले असून, त्यांचे दुसरे टोक सरळ वर-खाली न जाता कमानीत फिरते. वरचा हात सामान्यतः खालच्यापेक्षा आखूड असतो, म्हणून दोघांच्या कमानी सारख्या नसतात. गाडी उंच केली म्हणजे चाकाचा वरचा काठ बहुधा बाहेर झुकतो, टो बदलतो, आणि पुष्कळशा रचनांत कॅस्टरही कमी होतो.

टो बिघडला तर काय होते, याचा हिशेब करून पाहू. टायरची उंची ७०० मिलिमीटर धरा आणि त्या उंचीवर एकेक चाक फक्त ३ मिलिमीटर आत वळले आहे असे समजा. तेवढ्याने प्रत्येक चाक दर किलोमीटरला सव्वाचार मीटर आडवे घासले जाते. नगरहून पुणे सुमारे १२० किलोमीटर. पुण्यास पोचेपर्यंत ते टायर जवळजवळ अर्धा किलोमीटर आडवे ओढले गेले! नवे टायर काही महिन्यांत एका काठाला गुळगुळीत का होतात, याचे उत्तर येथे आहे. दोष बिचाऱ्या टायर-विक्रेत्याच्या माथी मारला जातो.

आता ही उंची वाढवतात कशी, ते पाहू. १९४७ मध्ये मुंबईत महिंद्रांकडे विलीज जीपची जुळणी सुरू झाली. त्या जीपला पुढे-मागे अखंड एक्सल आणि खाली पाटे होते. २०१० मध्ये आलेल्या थारला मागे पाटेच होते, पुढे मात्र स्वतंत्र चाके आणि टॉर्शन बार म्हणजे पिळाची पोलादी दांडी होती. आपल्या शहरातल्या रणगाडा संग्रहालयात आपण विजयंता पाहिला असेल. त्याची चाकेदेखील पोटाखालच्या अशाच पिळाच्या दांड्यांवर तोललेली आहेत. जीपमध्ये या दांडीचे एक टोक चाकाच्या हाताला जोडलेले असते, आणि दुसरे टोक सांगाड्याशी एका बोल्टाने ताणून धरलेले असते. दोन्ही बाजू समान राखाव्या, वयोमानाने गाडी बसली तर ती पूर्ववत उचलावी, यासाठी तो बोल्ट आहे. परंतु तोच बोल्ट आणखी आवळला की गाडीचे नाक वर येते. सुटा भाग लागत नाही, अर्ध्या तासात काम होते. हे स्वस्त आहे, आणि नेमका येथेच घात आहे.

बोल्ट आवळल्यावर गाडी आदळू लागते. मालक म्हणतो, ‘स्प्रिंग कडक झाली.’ वस्तुतः दांडी होती तेवढीच कडक आहे. तिची लांबी, जाडी आणि पोलाद यांपैकी काहीही बदललेले नाही. बदलली आहे ती चाकाला खाली जाण्याची मोकळीक. चाकाचा हात आता उभ्या गाडीतच आपल्या शेवटाजवळ येऊन ठेपला आहे. खड्डा आला, चाक खाली जाऊ लागले, की हात अडणीवर ठक्कन आदळतो आणि चाक क्षणभर अधांतरी राहते. अधांतरी चाक वळत नाही आणि थांबवतही नाही. ज्या खड्ड्यासाठी एवढा खटाटोप केला, त्या खड्ड्यातच चाकाने जमीन सोडली!

आणखी एक गोष्ट. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा टायरॉड मूळ उंचीवर चाकाच्या हातांशी जुळवून घेतलेला असतो, म्हणून चाक वर-खाली झाले तरी त्याची दिशा फारशी बदलत नाही. नाक उचलले की दोघांचा मेळ तुटतो. मग स्टिअरिंग स्थिर धरले असतानाही प्रत्येक उंचवट्यावर चाक स्वतःच थोडेसे वळते. चालक सरळ जातो आहे आणि गाडी नागमोडी जाते आहे, असा अनुभव येतो. ब्रेक दाबला की नाक खाली येते, कोन पुन्हा बदलतात, आणि गाडी एका अंगाला ओढू लागते. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी असेल, तर पुढच्या शाफ्टचे सांधे जास्त कोनात फिरतात, त्यांची रबरी टोपणे फाटतात, वंगण बाहेर पडते आणि वळताना कटकट आवाज येऊ लागतो.

असल्या गाडीची परीक्षा गॅरेजच्या दारात होत नाही. ती गळिताच्या हंगामात रात्री होते. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही; तो ध्यानात येतो तेव्हा अंतर थोडे उरलेले असते. त्या क्षणी चालकाला एकदम वळावे लागते आणि लगेच परत सरळ व्हावे लागते. स्टिअरिंग आपण होऊन परत येते की हाताने ओढून आणावे लागते, यावर त्या दोन सेकंदांचा निकाल असतो.

आणि समोरून येणाऱ्याचे काय? पुढची व मागची चाके अडीच मीटर अंतरावर आहेत, आणि नाक ५ सेंटिमीटर उचलले आहे, असे धरा. दिव्यांची पातळी पुन्हा लावली नसेल, तर ५० मीटरवर त्यांचा झोत पूर्वीपेक्षा सुमारे एक मीटर वर जातो. एक मीटर म्हणजे रस्त्यावरून निघून थेट मोटारसायकलस्वाराच्या डोळ्यांत! रुबाब एकाचा, आंधळेपण दुसऱ्याचे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. परंतु दंडाच्या भीतीपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. केंद्रीय नियमांप्रमाणे नव्या नमुन्याची गाडी तपासून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांत आपल्या नगरची वाहन संशोधन संस्था, म्हणजे व्हीआरडीई, आहे. ब्रेक आणि स्टिअरिंग पारखून मगच नमुना मान्य होतो. ती पारख ज्या शहरात होते, त्याच शहरात एका पान्याने ती निरर्थक ठरावी, हे शोभत नाही.

मग करावे काय? प्रथम मोजावे. गाडी नेमकी कोठे घासते? इंजिनाच्या तळाशी घासत असेल, तर खाली पत्र्याचे भक्कम कवच पुरे होते. अखंड एक्सलच्या गाडीत तर पाटे उंच करून एक्सलचा गोळा एक बोटदेखील वर येत नाही, कारण तो चाकांबरोबरच असतो. निर्मात्याने मान्य केलेल्या मापाचे टायर, त्यांत योग्य हवा, आणि वाट अवघड दिसली तर खाली उतरून ती आधी चालून पाहणे, या तीन गोष्टींनी पुष्कळ काम भागते. चौथी गोष्ट, मागे बेसुमार ओझे भरू नये. उलाळ झालेल्या बैलगाडीचे जू वर उचलते, तसे मागून दबलेल्या जीपचे पुढचे चाक हलके होते, आणि तेही वळणावर दगा देते.

गाडी आधीच उंच केलेली असेल आणि स्टिअरिंग भटकत असेल, तर स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून तो दोष झाकू नये. त्याने स्टिअरिंग जड होते आणि परत येणे आणखी मंदावते. क्रम असा ठेवावा: टायरांतली हवा, मग सपाट फरशीवर दोन्ही बाजूंची उंची मोजून ती मूळ मापाला आणणे, मग बॉल जॉइंट, टायरॉडची टोके आणि बुश तपासणे, त्यानंतर अलाइनमेंट आणि दिव्यांची पातळी, आणि सर्वांत शेवटी स्टिअरिंग बॉक्स. अलाइनमेंट म्हणून पुष्कळदा केवळ टो लावून दिला जातो. म्हणून तिन्ही कोनांचे छापील आकडे मागून घ्यावेत आणि गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावेत. मेकॅनिकला राग येणार नाही. चांगल्या कारागिराला पारखी गिऱ्हाईक आवडते.

मित्रहो, उंचीचा मोह माणसाला नवा नाही. गाडीच्या बाबतीत एवढेच लक्षात ठेवावे, की दोन बोटे उंची ही केवळ दोन बोटे नसते. तिच्याबरोबर चाकाचा प्रत्येक कोन हलतो. ज्याला ते कोन पुन्हा बसवता येत नाहीत, त्याने तो बोल्ट हलवू नये, आणि आपण त्याला हलवू देऊ नये.