चेनकव्हर काढल्यानंतर

अध्यक्ष महोदय, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी गच्चीवरचा वारा सोडून इथं आलेले श्रोतेहो,

पुण्यात सायकलवर बोलायला उभा राहिलेला वक्ता पहिली दहा मिनिटं ‘हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं’ यात घालवतो. ती दहा मिनिटं मी वाचवतो. माझा विषय लहान आहे. नोकरी-धंदा सांभाळून रविवारी पहाटे रोड सायकल काढणारा, खडकवासल्यापर्यंत किंवा बोपदेव घाट चढून सासवडला जाणारा आणि दहाच्या आत घरी परतणारा जो हौशी सायकलस्वार आहे, त्याने आठवडाभर त्या सायकलचं काय करायचं, एवढंच मला सांगायचं आहे.

वडीलधारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. आमच्या वडिलांची काळी सायकल जन्मभर चालली, वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग केलं की झालं. आणि तुमची एवढी महागाची सायकल, तिला दर आठवड्याला पुसत काय बसता? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर ‘हल्लीच्या वस्तू टिकत नाहीत’ हे नाही.

ती काळी सायकल डोळ्यांसमोर आणा. चेनवर पत्र्याचं कव्हर, दोन्ही चाकांवर मडगार्ड, एकच गिअर. चेन पुढच्या चक्रावरून मागच्या फ्रीव्हीलवर सरळ रेषेत धावायची आणि तिच्यावर चिखलाचा थेंब उडायचा नाही. वजन मात्र वीस किलोच्या आसपास. रोड सायकल आठ-नऊ किलोंत बसते, ती काय काय काढून टाकून? कव्हर गेलं, मडगार्ड गेले, स्टँड गेला, कॅरिअर गेलं. मागे एकाच्या जागी दहा-अकरा चक्रं आली, म्हणून चेन बारीक झाली आणि बहुतेक वेळ तिरकी धावू लागली. कव्हर काढलं तरी कव्हरचं काम शिल्लकच राहिलं. ते आता मालकाने करायचं. रोड सायकल घेतली की चेनकव्हर आपणच असतो, एवढं समजलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

आता चेन. 1880 मध्ये मँचेस्टरला हान्स रेनॉल्डने बुश आणि रोलरची चेन बनवली, आणि आपण आजही मूळ त्याच कल्पनेवर पायडल मारतो. काळ्या सायकलची असो की कार्बनची, दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. फरक रुंदीत. जुन्या चेनची आतली रुंदी एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडी जास्त. अकरा गिअरच्या चेनची सव्वादोनच्या आतबाहेर. एवढ्याशा जागेत सगळा भार.

चेनचा प्रत्येक सांधा किती वेळा हलतो, ते गणित इथंच करू. पुढचं चक्र पन्नास दात्यांचं, पाय मिनिटाला नव्वद फेऱ्या फिरताहेत. म्हणजे मिनिटाला साडेचार हजार दाते पुढे सरकले. चेनला साधारण एकशे दहा पिना असतात, तेव्हा अख्खी चेन मिनिटाला चाळीस वेळा फिरली. एका फेरीत प्रत्येक सांधा पुढच्या चक्रावर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो. मागे तेच, आणि गिअर बदलणाऱ्या डिरेलरच्या दोन पुलींवर पुन्हा तेच. एकूण आठ हालचाली. तासाला हिशेब धरला तर प्रत्येक सांध्याच्या वाट्याला एकोणीस-वीस हजार. खडकवासला करून चहा पिऊन येईपर्यंत हे होऊन गेलेलं असतं. त्या सांध्यात तेलाबरोबर धूळ शिरली असेल, तर तेवढ्या वेळा आतून पॉलिश पेपर फिरला म्हणायचं.

म्हणून चेन लांब होते. लोखंड ताणलं जात नाही. सांधे झिजतात आणि ती झीज एकात एक मिळत जाते. हे मोजायला दुकानात गेज मिळतो, पण घरात मुलांच्या कंपासपेटीशेजारी असते ती स्टीलची फूटपट्टी पुरते. पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर धरायचं. चेन नवी असेल तर बारा इंचांवर बरोबर चोविसावी पिन येते. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेली असेल तर बहुधा मागच्या चक्रांचा जुडगा, म्हणजे कॅसेटही गेला. सोळांश इंच म्हणजे दीड मिलिमीटरच्या थोडं वर. चोवीस सांध्यांत वाटलं तर प्रत्येकाची झीज केसाच्या जाडीएवढी. तिथं दुर्लक्ष केलं की लांबलेली चेन कॅसेटचे दाते आपल्या मापाने कोरून घेते, मग त्यावर नवी चेन बसत नाही, उड्या मारते. चेन स्वस्त, कॅसेट महाग. हे ज्याला कळलं त्याची फूटपट्टी मुलांना सापडत नाही.

तेलाबद्दल आपल्याकडे भलताच गैरसमज आहे. चेन बाहेरून ओली, चकचकीत दिसली की समाधान वाटतं. खरं तर तेल रोलरच्या आत हवं. प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडा, पायडल उलटं फिरवत राहा, थोडा वेळ थांबा आणि जुन्या बनियनच्या चिंधीत चेन धरून बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. पुसणं हे तेल घालण्याइतकंच महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक टाळतात. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. चेनला ग्रीस फासणं तर सोडूनच द्या. आणि गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नव्हे. तो पातळ असतो, आधीचं वंगण धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो.

तेच धुण्याचं. गाडी धुतात त्या प्रेशरच्या फवाऱ्याखाली सायकल धरणारे लोक मी पाहिलेले आहेत. फ्रेम लखलखते खरी, पण हबमधल्या छऱ्यांच्या जागेत पाणी घुसतं आणि ग्रीस बाहेर येतं. सायकल कमी धुवावी, जास्त पुसावी. बादलीभर साबणाचं पाणी, एक जुना टूथब्रश आणि बनियन यांच्यापलीकडे हौशी माणसाला फारसं काही लागत नाही.

टायरकडे येऊ. टायरच्या कडेवर लिहिलेला हवेचा आकडा कमाल असतो. तेवढी भरायचीच, असा त्याचा अर्थ नाही. सत्तर किलोच्या माणसाने पंचवीस मिलिमीटरच्या टायरमध्ये ऐंशी-नव्वद पीएसआय भरावी. अठ्ठावीसचा टायर असेल तर त्याहून कमी. आपल्या रस्त्यांवर दगडासारखं चाक वेगाने जात नाही, नुसतं उडतं. बारीक ट्यूबमधली हवा आठवड्यात उतरतेच, म्हणून गेज असलेला उभा पंप घरात हवा. लाखभर रुपये सायकलला घालून पंपाला पैसे नाहीत म्हणणारे आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये. प्रेस्टा व्हॉल्वला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही, त्यासाठी छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा.

पंक्चर झालं की लगेच नवी ट्यूब टाकून मोकळं होऊ नये. टायर बसवतानाच त्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्वच्या समोर ठेवलेलं असलं, की ट्यूबला भोक जिथं सापडेल त्या अंतरावर टायरमध्ये गुन्हेगार सापडतो. तो बहुतेक वेळा खिळा नसतोच. ट्रकचा रेडियल टायर फुटला की त्यातल्या पोलादी तारांचे बारीक तुकडे हायवेच्या कडेला पडतात, नेमके आपण चालवतो त्याच पट्ट्यात. हा तुकडा टायरमध्ये रुतून बसतो, बाहेरून दिसत नाही, बोटालाही चटकन लागत नाही, आणि लागला तर बोटात जातो. कापसाचा बोळा आतून फिरवा. तंतू जिथं अडकतील तिथं तार आहे. चिमटीने ओढून काढा आणि मगच ट्यूब टाका, नाही तर पाच किलोमीटरवर पुन्हा तेच. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमला चेपली गेली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमटेप सरकलीय.

महिन्याभरात पाऊस येईल. ज्यांच्या सायकलला रिम ब्रेक आहेत त्यांनी पावसाळ्यात ब्रेकचे रबर अधूनमधून काढून बघावेत. रस्त्यावरची कच आणि रिमचेच ॲल्युमिनियमचे कण त्यात रुतून बसतात आणि रिम खरवडतात. ब्रेक दाबल्यावर ‘खर्र’ असा आवाज आला की समजावं. टाचणीने ते कण उपसून काढता येतात.

हे सगळं कधी करायचं? माझं ठाम मत आहे, बुधवारी. शनिवारी रात्री सायकल तपासायला घेतली आणि गिअरची केबल तुटायला आलेली दिसली तर दुकानं बंद असतात, मित्रांना पहाटे पाचची वेळ दिलेली असते आणि घरात आवाज करायची सोय नसते. बुधवारी दोष सापडला तर गुरुवार-शुक्रवार हाताशी राहतात. शिवाय दोन खोल्यांच्या घरात सायकल हॉलमध्येच उभी असते. खाली वर्तमानपत्र अंथरून पंधरा-वीस मिनिटांत काम उरकलं तर घरचे लोक सायकलला विरोध करत नाहीत. फरशीवर तेलाचे डाग पडले की करतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

काही कामं मात्र घरी करू नयेत. चाकाचा आउट काढायला हात बसावा लागतो. एक स्पोक आवळला की दुसरीकडे चाक लचकतं. कार्बनच्या हँडलचे बोल्ट अंदाजाने पिळू नयेत. त्यावर पाच न्यूटन मीटर वगैरे मर्यादा छापलेली असते आणि ती मोजणारा पाना वेगळा मिळतो. पायडल काढायला हरकत नाही, फक्त डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवून जोर लावा. उरलेलं चांगल्या कारागिराकडे द्या आणि त्याने सांगितलेली मजुरी घासाघीस न करता द्या. इम्पोर्टेड शूजला किंमत न विचारणारे लोक आउट काढायच्या मजुरीवर वाद घालतात, हे बरं दिसत नाही.

ज्यांना लांबचे पल्ले खुणावतात त्यांच्यासाठी एक सांगतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली; त्या शर्यतीत सोबत गाडी आणि माणसं असतात. ब्रेवेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत स्वतःच्या बळावर पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, तसं नाही. 1891 मध्ये सुरू झालेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला बाराशे किलोमीटर नव्वद तासांत करायचे असतात. पात्रतेसाठी आधी 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या ब्रेवे कराव्या लागतात, आणि मदतीची गाडी ठरलेल्या कंट्रोलखेरीज, म्हणजे तपासणीच्या थांब्यांखेरीज, वाटेत चालत नाही. रात्री अडीच वाजता चेन तुटली तर चेन टूल, जोडकडी आणि टॉर्च तुमच्याकडेच असायला हवी. जोडकडी आपल्या गिअरच्या मापाची आहे ना, ते घरी पाहून ठेवा. दहा गिअरची कडी अकराच्या चेनला चालत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आलेली आहे. प्रश्नांना दहा मिनिटं आहेत. कोणती सायकल घेऊ, हे कृपया विचारू नका. पाय जमिनीला टेकतील आणि पंपाला पैसे उरतील ती घ्या. बाकी काहीही विचारा.