जनरल मॉरिसचं पत्र आणि लिबरल पक्षाची फूट



ब्रिटनच्या लिबरल पक्षाचं नाव आपल्याकडे निघतं ते दादाभाई नौरोजींमुळे. १८९२ साली ते याच पक्षातर्फे लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून पार्लमेंटवर निवडून गेले. गोखल्यांसारख्या आपल्या मवाळ नेत्यांची भिस्तही याच पक्षावर होती. १९०६ मध्ये या पक्षानं सुमारे ४०० जागा जिंकल्या. १९२४ मध्ये उरल्या फक्त ४०. या घसरणीची कारणं अनेक आहेत. मी आज एकच प्रसंग सांगणार आहे, कारण तो फौजेशी निगडित आहे.

डिसेंबर १९१६ मध्ये, ऐन महायुद्धात, पंतप्रधान ॲस्क्विथ यांना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्याच पक्षाचे लॉईड जॉर्ज हुजूर पक्षाच्या पाठिंब्यावर पंतप्रधान झाले. पक्षाचं नेतृत्व मात्र ॲस्क्विथ यांच्याकडेच राहिलं. एका म्यानात दोन तलवारी.

२१ मार्च १९१८ रोजी जर्मनांनी फ्रान्समध्ये मोठा हल्ला चढवला आणि ब्रिटिश फौज मागे रेटली गेली. सरकारनं माणसं कमी दिली का, असा सवाल उठला. ९ एप्रिलला लॉईड जॉर्ज यांनी सभागृहात सांगितलं, की जानेवारी १९१८ मध्ये फ्रान्समधली आपली फौज वर्षापूर्वीपेक्षा बरीच मोठी होती.

यातली मेख फौजी माणसाला लगेच कळते. लंगरात जेवणारे किती, हा एक आकडा. खंदकात बंदूक घेऊन उभे राहणारे किती, हा दुसरा. एकूण संख्या वाढली होती ती मजूर तुकड्यांसारख्या न लढणाऱ्या माणसांमुळे. लढणारं पायदळ घटलं होतं.

मेजर जनरल फ्रेडरिक मॉरिस त्याआधी युद्ध खात्यात लष्करी कारवायांचे संचालक होते. ७ मे रोजी त्यांचं पत्र ‘द टाइम्स’ आणि इतर वृत्तपत्रांत छापून आलं. सरकारची विधानं खरी नाहीत, असा त्यांचा आरोप होता. सेवेतल्या अधिकाऱ्यानं असं लिहिणं हा उघड नियमभंग होता. त्यांना निवृत्त करण्यात आलं.

सरकारनं आधी दोन न्यायाधीशांकडून चौकशीची तयारी दाखवली. ॲस्क्विथ यांना सभागृहाची समिती हवी होती. ९ मे रोजी चर्चा झाली आणि लॉईड जॉर्ज यांनी डाव उलटवला. आकडे मॉरिस यांच्याच खात्यानं दिले होते, असं त्यांनी सांगितलं आणि प्रश्न सरकार राहणार की जाणार यावर आणून ठेवला. समितीचा ठराव २९३ विरुद्ध १०६ मतांनी पडला. ॲस्क्विथ यांच्या बाजूनं ९८ लिबरल होते. न्यायाधीशही नाहीत, समितीही नाही. खात्यानं नंतर आकड्यांची दुरुस्ती पाठवली होती. ती पंतप्रधानांनी पाहिली होती का, यावर इतिहासकार अजून वाद घालतात.

त्याच डिसेंबरात निवडणूक झाली. सरकारच्या पसंतीच्या उमेदवारांना लॉईड जॉर्ज आणि हुजूर नेते बोनार लॉ यांच्या सहीचं शिफारसपत्र मिळालं. ॲस्क्विथ यांनी त्याला रेशनच्या काळातलं नाव दिलं, ‘कूपन’. त्यांच्या गटातल्या बहुतेकांना ते मिळालं नाही. ते स्वतः ३२ वर्षांची ईस्ट फाईफची जागा हरले. १९२२ मध्ये हुजूर पक्षानं साथ सोडल्यावर लॉईड जॉर्जही गेले. त्यांच्यानंतर ब्रिटनला लिबरल पंतप्रधान मिळालेला नाही.

मॉरिस यांचं चुकलं का? वर्दीतल्या माणसानं वर्तमानपत्रात जाऊ नये, हे मला पटतं. आपल्याही फौजेत परवानगीशिवाय तसं करता येत नाही आणि ते योग्यच आहे. सैनिक जाहीर बोलला, की आकडा बाजूला राहतो आणि तू कुणाचा माणूस, एवढंच विचारलं जातं. मॉरिस यांच्याबाबतीत तेच झालं.

पण या नियमाची दुसरी बाजूही आहे. सैनिकानं गप्प राहायचं, तर त्याच्या वतीनं प्रश्न विचारणं हे निवडून दिलेल्या सभागृहाचं काम आहे. खंदकात खरोखर किती माणसं होती, हे ९ मे रोजी शोधता आलं असतं. सभागृहानं ते शोधलं नाही. लिबरल पक्ष दुभंगला तो याच मतदानात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.