पिवळे पान काय सांगते?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



“बागेवर चार शब्द बोला,” असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला घामच फुटला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा व्याख्यान नव्हे, माझी एक चूक सांगते.

आमच्या परसात सासूबाईंनी लावलेली लिंबोणी आहे. आपली ही सोलापूरकडची काळी, चुनखडीची जमीन आणि बोअरचे जड पाणी. तरी त्यांच्या हाताने ती जगली. मागल्या वर्षी त्यांनी अंथरूण धरले आणि झाड माझ्याकडे आले. थोड्याच दिवसांत शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडू लागली. कोणी म्हणाले, कॅल्शियम कमी पडले. मी अंड्यांची टरफले कुटून घातली, वर मूठभर चुनाही घातला. पाने जास्तच पिवळी झाली. सासूबाई रोज विचारीत, “लिंबोणी कशी आहे गं?” आणि मी रोज सांगे, “छान आहे.”

एके दिवशी त्या म्हणाल्या, “एक डहाळी आणून दाखव बरं.” आता लपवणार काय? डहाळी हातात घेऊन त्या म्हणाल्या, “जुनी पानं हिरवी, बाळपानं पिवळी. ही साधी भूक नव्हे. कुणा जाणत्याला विचार.”

शेतकी कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला विचारले. तो म्हणाला, “मामी, जमिनीत लोह आहे, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. तू आणखी चुना घातलास!” जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी लागत नाही म्हणतात ना, तसेच हे.

त्याने सांगितलेली खूण लक्षात ठेवा. नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडले तर झाड जुन्या पानांतले काढून नव्यांना देते. आईच ती! म्हणून आधी खालची पाने पिवळी पडतात. सबंध पान फिके झाले तर नत्र कमी. चांगले कुजलेले शेणखत घालावे. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियम कमी. लिटरभर पाण्यात चमचाभर एप्सम सॉल्ट विरघळवून फवारावे. लोह मात्र जुन्या पानातून हलत नाही, म्हणून शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. मात्र कुंडीत पाणी साचूनही पाने पिवळी पडतात. ते आधी पाहावे.

लिंबोणीसाठी लिटरभर पाण्यात अर्धा लहान चमचा हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घातला. ऊन उतरल्यावर पानांवर फवारले. आठवड्याने पुन्हा एकदा. हे पाणी ताजेच करावे, जास्त कडक केल्यास पाने करपतात. फरशीवर डाग पडतात, आणि हिराकस विषारी असल्याने मुलांच्या हाती लागू देऊ नये. चुना बंद केला, आळ्यात शेणखत घातले.

पुढची पालवी हिरवीगार आली. मी धावत डहाळी दाखवायला गेले. सासूबाईंनी ती उशाशी ठेवली आणि म्हणाल्या, “आता रोज डहाळी आणायची. नुसतं ‘छान आहे’ चालायचं नाही!”

तेव्हापासून मी रोज डहाळी नेते.