घंटा न वाजणारे कॉलेज

कॉलेजच्या इमारतीत विद्यार्थ्याची निम्मी कामे इमारतच उरकत असते. घंटा वाजली की पाय आपोआप वर्गाकडे वळतात. हजेरी लागते, म्हणून दांडी मारण्याआधी दोनदा विचार होतो. एखादे लेक्चर बुडालेच, तर शेजारच्या बाकावरची वही मिळते. ऑनलाइन कॉलेजात अभ्यासक्रम तोच असतो, शिकवणारे कधीकधी जास्त नावाजलेले असतात. मात्र घंटा, हजेरी आणि बाक तिन्ही गायब. हुशार मुलेही तिथे मागे पडतात, कारण ही तीन कामे आता आपल्याच अंगावर आली आहेत हे त्यांना निम्मे सत्र सरल्यावर उमगते.

घरी बसून पदवी मिळवणे महाराष्ट्राला नवे नाही. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरदारांना आणि संसारात अडकलेल्यांना पुन्हा पुस्तकापाशी आणले. पोस्टाने येणाऱ्या पुस्तकांच्या गठ्ठ्याशेजारी आता व्हिडिओ आले. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू झाले आणि २०२० मध्ये आयआयटी मद्रासने डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम काढला.

प्रवेशाआधीची चौकशी कंटाळवाणी असली तरी टाळू नये. विद्यापीठ अनुदान आयोग ‘दूरशिक्षण’ आणि ‘ऑनलाइन’ यांना वेगवेगळी मान्यता देतो आणि तीही अभ्यासक्रमागणिक. जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द ठसठशीत असतो. कशाला मान्यता, ते आयोगाच्या संकेतस्थळावरच पाहावे. इंजिनिअरिंग, वैद्यकीय किंवा कायद्याची पदवी या मार्गाने मिळत नाही. कोणी देऊ केली तर तिथूनच परत फिरावे.

त्यानंतर प्रश्न येतो वेळेचा आणि इथेच बहुतेकांचे गणित चुकते. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचे शिकणे. त्यात व्हिडिओ, वाचन, असाइनमेंट आणि परीक्षेची तयारी सगळे आले. चार क्रेडिटचा विषय १२० तासांचा. सत्र १२ आठवड्यांचे असेल, तर आठवड्याला १० तास. तीन विषय घेतले की ३० तास, म्हणजे जवळजवळ दुसरी नोकरीच. दिवसभर कामावर असणाऱ्याने पहिल्या सत्रात एक किंवा दोनच विषय घ्यावेत. फॉर्म भरताना उत्साह उतू जात असतो, तेव्हा हा हिशेब नकोसा वाटतो.

हे १० तास ‘वेळ मिळेल तसे’ कधीच निघत नाहीत. त्यांना घड्याळातली जागा ठरवून द्यावी लागते आणि ती घरच्यांनाही सांगावी लागते. दोन खोल्यांच्या घरात रात्री नऊ वाजता टीव्हीवर मालिका चालू असते, आजोबांना औषध द्यायचे असते, दारात कुणी विरजण मागायला आलेले असते. त्याच घरात पहाटे पाच ते साडेसहा ओट्याशेजारचे टेबल मोकळे असते. आदल्या रात्री वायफायवर उतरवून घेतलेले व्हिडिओ, कानात हेडफोन, पुढ्यात कोरी वही. पहिला कुकर चढेपर्यंतचा दीड तास हाच तिथला वर्ग.

मात्र नुसते पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. दीडपट वेगाने चार व्हिडिओ संपवले की चार धडे झाल्यासारखे वाटते. पाहताना सगळे समजतही असते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचायला दिला आणि काहींना तो न पाहता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून १५ मिनिटांनी व्हिडिओ थांबवावा, पडदा झाकावा आणि वहीत आठवेल तेवढे लिहावे. पान निम्मे कोरे राहते. ते कोरेपण बघवत नाही, पण उजळणी कुठून करायची ते तेच दाखवते.

हजेरीची जागा असाइनमेंट घेते. आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’ या ऑनलाइन उपक्रमात १२ आठवड्यांच्या विषयाला साधारणपणे सर्वोत्तम आठ असाइनमेंटना मिळून २५ टक्के गुण असतात, अंतिम परीक्षेला ७५. अंतिम मुदत मध्यरात्रीची असली म्हणून रात्री साडेअकराला बसणे धोक्याचे. वीज नेमकी तेव्हाच जाते. मुदतीच्या दोन दिवस आधीची स्वतःची तारीख पाळली की प्रश्न विचारायलाही सवड उरते. चर्चामंचावर ‘काहीच कळले नाही’ असे लिहिणाऱ्याला उत्तर देणार तरी काय? ‘तिसऱ्या व्हिडिओत सातव्या मिनिटाला चिन्ह उणे कसे झाले?’ असे विचारले, तर नेमके उत्तर मिळते.

बाक उभा करणे सर्वांत अवघड. दोनशे जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे बाक नव्हे. तिथे सुप्रभात जास्त आणि अभ्यास कमी. तिघे-चौघे गाठावेत, रविवारचा एक तास ठरवावा आणि प्रत्येकाने एकेक मुद्दा दुसऱ्यांना समजावून सांगावा. त्यांतला एकजण दोन रविवार आला नाही, तर दुसऱ्याने फोन करावा. सत्र मध्येच सोडून देण्याच्या बेतात असलेल्याला बऱ्याचदा असा फोनच पुन्हा वहीकडे आणतो.

शिकणे घरून झाले तरी ‘एनपीटीईएल’ आणि आयआयटी मद्रासची परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. शहर फॉर्म भरतानाच निवडायचे असते, तेव्हा सकाळच्या सत्राला वेळेत पोहोचवणारी एसटी आहे का, ते आधी पाहावे. हॉलतिकीट आणि मूळ ओळखपत्र आदल्या रात्रीच पिशवीत ठेवावे. त्या दिवशी चर्चामंचावरची नुसती नावे चेहऱ्यांसह भेटतात. ‘उणे चिन्हवाला तूच का?’ अशी ओळख पटते, पेपरनंतर चहा होतो, उत्तरे ताडून पाहिली जातात. ऑनलाइन कॉलेजचे स्नेहसंमेलन भरते ते बहुधा असे, केंद्राच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर.