कामावर कुणी हिणवले तर
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज धडा थोडा वेळ बाजूला ठेवू. आज आम्ही तुमच्याशी कामावरच्या एका दुखण्याबद्दल बोलणार आहोत. हे दुखणे हातापायाचे नाही. हातापायावरून दुसरा माणूस जे बोलतो, त्याचे आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्यात माणसे कामासाठी किती ठिकाणी जातात! कुणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, कुणी सिन्नरला, कुणी लासलगावच्या कांद्याच्या खळ्यावर, कुणी दिंडोरीच्या द्राक्षबागांत. यांत एखाद्याचा पाय अधू असतो. एखादीला ऐकू येत नाही. एखाद्याची बोटे यंत्रात गेलेली असतात. तरी ती माणसे काम करतात, घर चालवतात.

समजा, त्यांतलाच एक गडी आहे. त्याला आपण तुकाराम म्हणू. कारखान्यात तो खोकी भरण्याच्या कामावर आहे. अपघातात डावा पाय अधू झाला. काठी घेऊन चालतो. मुकादम त्याला नावाने हाक मारीत नाही. "ए लंगड्या" म्हणतो, तेही चारचौघांत. बसून करायचे काम असले तरी मुद्दाम जिना चढायला लावतो. एक दिवस म्हणाला, "जमत नसेल तर घरी बस. तुझ्या जागी दहा मिळतील." तुकाराम घरी येऊन गप्प बसला. बायकोने विचारले तर म्हणाला, "काही नाही, पाय दुखतोय."

असे गप्प बसणारे पुष्कळ आहेत. म्हणून सांगतो, नीट ऐका.

आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा आहे. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्याआधी १९९५ चा कायदा होता. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्यात एकवीस आहेत. आंधळेपणा, बहिरेपणा, अधू हातपाय तर आहेतच. पण मनाचा आजार आहे. कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस आहे. ॲसिड टाकल्याने विद्रूप झालेली बाई आहे. आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल आजारही त्यात आहे. हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

या कायद्याचे ९२ वे कलम लक्षात ठेवा. दिव्यांग माणसाला खाली पाहायला लावावे म्हणून, लोकांच्या देखत, जाणूनबुजून त्याचा अपमान केला किंवा त्याला धमकावले, तर तो गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद. शिवाय दंड. अपमान करण्यासाठी अंगावर हात टाकला, तरी हेच कलम.

इथे कुणी म्हणेल, "माझ्याकडे चाळीस टक्क्यांचा दाखला नाही, मग माझे कोण ऐकणार?" हा मोठा गैरसमज आहे. चाळीस टक्क्यांची अट नोकरीतल्या राखीव जागांसाठी आणि काही सवलतींसाठी आहे. अपमानाविरुद्ध दाद मागायला ती अट नाही. तरी पण जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून दाखला आणि दिव्यांगाचे ओळखपत्र काढून ठेवावे. साहेबांपुढे तोंडी बोलण्यापेक्षा दाखला दाखवणे सोपे जाते.

आता खरी गोष्ट. कायद्यात "लोकांच्या देखत" असे शब्द आहेत. म्हणजे कुणी पाहिले, कुणी ऐकले, हे दाखवावे लागते. इथेच बहुतेक तक्रारी ढिल्या पडतात. सहा महिन्यांनी माणूस म्हणतो, "साहेब, तो मला नेहमी बोलायचा." नेहमी म्हणजे केव्हा? कोणत्या पाळीला? जवळ कोण होते? मग तो गांगरतो.

म्हणून तुकारामाने एक वही करावी. दहा-वीस रुपयांची चालेल. ज्या दिवशी बोलणे झाले, त्याच रात्री लिहावे. आधी तारीख. मग वेळ आणि जागा. मग मुकादम जे बोलला ते शब्द, जसेच्या तसे. मग जवळ उभ्या असलेल्यांची नावे. पुष्कळांना लाज वाटते. ते लिहितात, "अपशब्द वापरले." असे लिहू नका. कोणता अपशब्द? "ए लंगड्या" म्हणाला असेल तर "ए लंगड्या" असेच लिहा. लाज बोलणाऱ्याची आहे, लिहिणाऱ्याची नाही. आणि अक्षर वेडेवाकडे असले तरी चालते. शुद्धलेखनाचे गुण कोर्टात मिळत नाहीत!

दुसरे सांगतो. कुणी कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा मागितला तर देऊ नका. "पगाराचा कागद आहे" असे सांगून राजीनाम्यावर सही घेणारे लोकही असतात. आता तुम्हाला वाचता येते. वरपासून खालपर्यंत वाचा, मग सही करा. घाई करणाऱ्याला म्हणा, "थांबा साहेब, मी हळू वाचतो."

मग तक्रार कुठे द्यायची?

आधी कामाच्या ठिकाणीच. कारखाना, सहकारी संस्था, ट्रस्ट, कंपनी, हे सगळे या कायद्यात येतात. केंद्राच्या नियमांप्रमाणे वीस किंवा जास्त माणसे कामाला असतील, तर तिथल्या प्रमुखाला तक्रारीची दखल घ्यावी लागते. नाहीतर आपले वागणे कसे बरोबर होते, ते लेखी कळवावे लागते. सरकारी ठिकाणी तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. त्याला पोच म्हणतात. घेत नसतील तर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. ठेकेदाराकडे काम करीत असाल तर ठेकेदारालाही द्या आणि मूळ कारखान्यालाही द्या. नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

तिथे दाद लागली नाही तर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. त्यांच्याकडे अर्ज करता येतो. भेदभावाची तक्रार साठ दिवसांत निकाली काढावी, असा केंद्राचा नियम आहे. आयुक्त मालकाला बोलावू शकतात, कागद मागवू शकतात. पण खरे ते सांगितले पाहिजे. त्यांचा निकाल म्हणजे बहुधा शिफारस असते. तिला वजन आहे, पण कोर्टाच्या हुकमाएवढे नाही.

हाणामारी, धमकी, चारचौघांत अपमान झाला असेल तर पोलीस ठाणे. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर शहरात पोलीस आयुक्तांना आणि गावाकडे पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लिहा. छळ किंवा पिळवणूक चालू असेल तर तहसीलदारांसारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते. तिथे दिव्यांग माणसासाठी दुसऱ्या कुणीही खबर दिली तरी चालते. भावाने दिली, शेजाऱ्याने दिली, तरी चालते. बाईच्या अब्रूशी संबंधित त्रास असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा वेगळा आहे. ती तक्रार तीन महिन्यांत करावी लागते.

आमचे वडीलधारे म्हणत, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. वकिलाच्या खर्चापायी जमिनी गेलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. पण दिव्यांग माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याचे उत्पन्न कितीही असो. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती मिळते.

आता नोकरीच गेली तर? इथे सरकारी आणि खाजगी असा फरक पडतो. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना, ओझरचा विमान कारखाना, जिल्हा परिषद, एस.टी., ही सगळी सरकारी ठिकाणे. नोकरीत असताना कुणी दिव्यांग झाला, तर या ठिकाणी त्याला काढता येत नाही. दुसरे काम द्यावे लागते, तेही त्याच पगारावर.

हे जुन्या कायद्यातही होते. एका जवानाचा पाय नोकरीत असताना दुखावला आणि पुढे कापावा लागला. १९९८ साली त्याला घरी पाठवले. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००३ साली न्यायालयाने सांगितले की त्याला असे काढता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयात २००९ साली एका तरुणाचा खटला चालला. बँकेची परीक्षा तो पास झाला होता. पण त्याचे मूत्रपिंड बदललेले होते म्हणून बँकेने नोकरी नाकारली. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

अलीकडची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. तेलंगणाच्या एस.टी.चा एक ड्रायव्हर. त्याला रंग नीट ओळखता येत नाहीत, असे निघाले. त्याला घरी बसवले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, त्याच पगाराचे दुसरे काम द्या. कशाच्या आधारावर? युनियनने १९७९ साली केलेल्या एका कराराच्या आधारावर! अशा ड्रायव्हरला दुसरे काम द्यायचे, हे त्यात लिहिलेले होते. कागद जुना झाला होता, पण कुणीतरी तो जपून ठेवला होता.

खाजगी कारखान्याला ही सरकारी नोकरीची हमी लागू नाही. आमच्या मते कायद्याची ही बाजू लंगडी आहे. (हा शब्द कायद्याला लावायला आमची हरकत नाही.) तिथे नोकरीवरून काढले तर युनियनकडे जा, कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात जा, आणि लवकर जा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांच्या चार नव्या संहिता लागू झाल्या आहेत. पुष्कळ जुने कायदे गेले. तेव्हा चहाच्या टपरीवरच्या जुन्या सल्ल्यावर विसंबू नका. विधी सेवेच्या वकिलाला विचारा.

तुमच्या मनात काय आहे ते आम्हाला कळते. तक्रार केली आणि उद्यापासून कामावर घेतले नाही तर? ही भीती खोटी नाही. साक्ष देणारा सोबतीही त्याच कारखान्यात भाकरी कमावतो. म्हणून एकट्याने जाऊ नये. तुकारामाने आधी ती वही त्या दोघा सोबत्यांना वाचून दाखवावी, आणि विचारावे, "हे असेच झाले ना?" ते "हो" म्हणाले तर त्यांच्या सह्या खाली घ्याव्या.

बरे, आता पाट्या घ्या. अर्ज लिहायला सुरुवात करू. वर उजव्या हाताला आजची तारीख घाला. खाली लिहा, "माननीय व्यवस्थापक यांस". झाले का? आता पुढची ओळ मी सांगत नाही. तुकारामाला काय म्हणायचे आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.