जिला झाड ठाऊक, तिचा हात ठरावावर



गडचिरोलीहून निघालेला रस्ता चातगाव, धानोरा, मुरूमगाव करत छत्तीसगडात जातो. एरवी या रस्त्यानं साहेब येतात, ठेकेदार येतात आणि जंगलाचा माल बाहेर जातो. आज बाई, तिचं शेत, तिचं ताट आणि तिची तब्येत यांवर बोलायला तुम्ही गावोगावच्या ग्रामसभांतून या परिषदेला इथवर आलात. स्वागत समितीच्या वतीनं मी तुमचं मनापासून स्वागत करते.

पाहुण्यांना आपल्या मुलखाची ओळख करून देणं हा स्वागताध्यक्षाचा मान असतो. आमच्या धानोरा तालुक्यातलं लेखा-मेंढा तुम्ही ऐकून असालच. ‘मावा नाटे मावा सरकार’, म्हणजे आमच्या गावात आमचंच सरकार, असं म्हणणाऱ्या या गावानं 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 साली आपला बांबू आपल्याच वाहतूक परवान्यानं विकला. चातगावजवळ डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचं शोधग्राम आहे. याच जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या गावांतल्या बायांची त्यांनी तपासणी केली. 650 पैकी 92 टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचं 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. बाळंतपणापलीकडेही बाईला दुखणी असतात, हे तेव्हा जगाला आमच्या बायांनी दाखवलं. राणीताईंनी पुढं ‘गोईण’ हे पुस्तक लिहिलं, ते इथल्या बायांच्या आणि झाडांच्या नात्यावर.

ते नातं हातातलं आहे. मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आत बाया टोपली घेऊन मोहाखाली असतात. मृगाचा पाऊस पडला की तरोट्याचा कोवळा पाला, मग बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, मग वारुळावरच्या सात्या म्हणजे अळिंब्या. कोणता कंद भाजून खायचा आणि कोणता कडू कंद उकळून, चकत्या करून, वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय तोंडात घालायचा नाही, हे सासू सुनेला कामातच दाखवते. बेटातले किती वास्ते काढायचे आणि किती बांबू व्हायला सोडायचे, तेही. रोवणा आम्ही करतो, निंदण आम्ही करतो, धान उभं असतानाच बांधीत लाखोळी फेकतो, आणि पुढच्या वर्षीचं बियाणं आमच्याच हातानं राखलं जातं.

पण एक झाड असं आहे, ज्यावर आमच्या जिल्ह्यांत दोन हिशेब चालतात. ते तेंदूचं. त्याचं पान विडीला जातं, त्याचं फळ, टेंभरू, पोटात जातं. मे महिन्यात 70 पानांचा एकेक पुडा बांधून बाया संकलनाच्या फळीवर नेतात, आणि त्या पैशावर कितीतरी घरांचं बियाणं, खत, शाळेचे कपडे भागतात. हा पैसा मी हलका लेखत नाही. पण भरपूर कोवळं पान यावं म्हणून झुडपं छाटतात, जंगलाला आग लावतात. मग फळ धरणार कुठून? त्या आगीत मोहाची, चाराची रोपटीही जातात. पुड्याचा भाव कागदावर लिहिला जातो. लेकरांच्या तोंडातून गेलेल्या टेंभरांचा हिशेब कुठल्याच वहीत येत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं मात्र तो हिशेब मांडला. 2012 साली त्यांना सुमारे 1,000 हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, आणि ग्रामसभेनं तेंदूपान तोडायचंच नाही असं ठरवलं. छाटणी नको, आग नको. फळ माणसांना आणि पाखरांना राहू दे, बांबूवर आपलं भागेल. प्रत्येक गावाला हे जमेलच असं नाही. पण पान आणि फळ समोरासमोर ठेवून गावानं बोललं पाहिजे, आणि त्या बोलण्यात फळ ओळखणारी बाई असली पाहिजे.

तिथंच आपलं अडतं. जी शेत रोवते, तिनं नांगराला हात लावायचा नाही. जी रांधते, ती शेवटी उरलंसुरलं खाते. पाळीच्या दिवसांत तिला आपण घरापासून वेगळ्या कुर्माघरात बसवतो. घरभराला जेवू घालणाऱ्या बाईला त्या दिवसांत दुसऱ्यानं आणून दिलेल्यावर राहावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. भाज्यांची जाण बाईकडे आणि रक्ताची कमीही बाईकडेच, याची लाज आपणा सर्वांना वाटली पाहिजे.

बाईचं हे शेतीचं, बियाण्याचं ज्ञान आपल्यापुरतंच नाही. अमेरिकेतल्या हौदेनोसौनी या मूळनिवासी लोकांत मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरणाऱ्या बायाच. आपल्या महाराष्ट्रातल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जपले आणि त्या पद्मश्रीपर्यंत पोचल्या. हे 2026 साल संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. शहरात मोहाचे लाडू आता आरोग्याचा खाऊ म्हणून मोठ्या भावानं विकले जातात, आनंद आहे. त्या भावातला वाटा मोह वेचणारीच्या खात्यात यावा, एवढंच आमचं म्हणणं.

कायदा आपल्या बाजूनं आहे. वनहक्काचा पट्टा नवराबायको दोघांच्या नावानं द्यायचा असतो. वनहक्काच्या ग्रामसभेत निम्मे सभासद हवेत आणि हजर असणाऱ्यांत किमान एकतृतीयांश बाया हव्यात. पण हजेरीपटावर अंगठा देऊन सैपाकाला परतणं म्हणजे सभा नव्हे. जिला झाड ठाऊक, तिचा हात ठरावावर वर झाला पाहिजे.

आजच्या जेवणात पोपटाच्या शेंगांची भाजी, लाखोळीचे वडे, मोहाचे लाडू आहेत, आणि नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेल्या एचएमटी धानाचा भात आहे. रांधणाऱ्या बचत गटाच्या बाया तुमच्यासोबत पहिल्याच पंगतीला बसतील. वाढायचं काम समितीतल्या पुरुषांकडे आहे. हात नवखे आहेत, मीठ मागून घ्या, कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

पुढच्या महिन्यापासून गावोगाव तेंदूच्या बेलकटाईच्या, म्हणजे झुडपं छाटण्याच्या, गोष्टी सुरू होतील, ठेकेदार येतील, सभा बसतील. या परिषदेचे ठराव त्या सभांच्या आधी गावात पोचवा. छाटणी कुठं करायची आणि फळासाठी कुठला भाग राखायचा, ते बायांनी जंगलात फिरून ठरवावं आणि मगच करारावर सही व्हावी. परिषदेकडे स्वागत समितीचं एवढंच मागणं आहे.