देवरहाटीत जाऊन आल्यावर

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



जेवण झालंय, सोलकढीचे दोन-दोन पेले पोटात आहेत आणि सकाळची चढण अजून पायांत आहे. त्यामुळे कुणी पेंगलं तर मी रागावणार नाही. शिक्षकाची नोकरी करून निवृत्त झालोय, पेंगणाऱ्यांपुढे बोलायची सवय आहे. समोर आपले सर आणि बाई बसलेत, त्यांच्यापुढे मात्र अजून घसा कोरडा पडतो.

संयोजकांनी सांगितलं, तू वनस्पतिशास्त्र शिकवलंस, तेव्हा सकाळी पाहिलेल्या देवरहाटीबद्दल तूच बोल. शहरातून आलेल्या आपल्या सुना-जावयांसाठी सांगतो, घाटावर जिला देवराई म्हणतात तिलाच आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात देवरहाटी म्हणतात. देवाच्या नावाने राखलेलं रान. संगमेश्वर तालुक्यात गावागावाला अशी एखादी तरी सापडते.

सकाळची वाट आठवा. शाळेमागच्या सड्यावरून निघालो तेव्हा पायाखाली काळा कातळ आणि वाळलेलं गवत, सावलीला एक झाड नाही. पुढे डोंगराची बाजू लागली. तिथे किंजळ-ऐनाचे मनगटाएवढे फुटवे होते, खाली तोडलेले बुंधे. आपल्या जिल्ह्यात वन खात्याकडचं जंगल अगदी थोडं आहे. बहुतेक डोंगर खासगी मालकीचा. ठेकेदार येतो, उभं रान उक्तं घेतो, कटर फिरवतो, ट्रक भरतो. काही वर्षांनी फुटवे वाढले की परत येतो. मालक मुंबईला असतो, त्यालाही पोराच्या फीसाठी पैसे हवे असतात. त्याला नावं ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

आणि मग ती गडग्याची ओळ आली. गुरवकाकांनी चपला काढायला लावल्या. आत पाऊल टाकलं तसं सगळे गप्प झाले, हे मी मुद्दाम पाहत होतो. वर्षातून एकदा वनभोजनाला आपण वहाळापर्यंत यायचो, पण आत शिरायची कुणाची टाप नव्हती. आज पहिल्यांदा आपल्यातले कितीतरी जण आत गेले, तेही साठीच्या जवळ आल्यावर!

आत काय पाहिलं? दोघा-तिघांनी हात जोडूनही कवेत येणार नाही असा बेहडा. सातवीण. देवळामागची सुरंगी, तिच्या कळ्या आता महिन्याभरात फुटतील. आणि झाडाझाडांवरून झुल्यासारखी गेलेली गारंबीची वेल. तिच्या हातभर लांब शेंगा बघून आमच्या नातवाने विचारलं, ही भाजी कुठे मिळते? पायाखाली पाला इतका की जमीन लागत नव्हती. तो कुणी झाडत नाही, पडलेलं लाकूडही कुणी उचलत नाही. वापरलंच तर देवळासाठी किंवा शिमग्याच्या होमाला, आणि तेही कौल लावून.

त्या पाल्याचं काम काय, ते सांगतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यात याच तालुक्यातल्या वाड्यांना टँकरने पाणी द्यावं लागतं. पाऊस कमी पडतो म्हणून नव्हे. उघड्या कातळावर आणि बोडक्या उतारावर पडलेलं पाणी थांबतच नाही, वहाळातून शास्त्री नदीला आणि तिथून समुद्राला जातं. देवरहाटीत तेच पाणी आधी पानांवर पडतं, मग पाल्यात मुरतं, मुळांच्या वाटेने खाली उतरतं आणि सावकाश झऱ्यातून बाहेर येतं. आज आपण ओंजळीने प्यायलो तो झरा खालच्या दोन वाड्यांना मे अखेरपर्यंत पुरतो.

हे जाणणारे लोक पूर्वीही होते. पुण्याचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून नोंदवल्या. त्याच काळात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची काळकाईची राई तोडली जाणार असं ठरलं होतं. गावकरी या दोघांकडे गेले, कारण गावचं पाणी त्याच राईतून येत होतं. त्यांनी वन खात्याशी बोलणी केली आणि ती तोड थांबली. तिथे गावकऱ्यांना राई हवी होती आणि तोडणारे बाहेरचे होते. आपल्याकडची अडचण जरा वेगळी आहे.

आता त्या अडचणीवर येतो. देवळाजवळच्या सात झाडांना चुन्याचे पट्टे ओढलेले तुम्ही पाहिलेत. एका मैत्रिणीने मला विचारलंही, ही कसली खूण? मंदिर समितीने नवा सिमेंटचा सभामंडप काढायचा ठरवलंय. गडग्यापासून देवळापर्यंत गाडीरस्ता आणि भोवती पेव्हर ब्लॉक. खर्चाचा मोठा वाटा मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांकडून, म्हणजे आपल्याकडून अपेक्षित आहे. सकाळच्या चहाबरोबर जे पत्रक फिरलं, ते त्याचंच.

समितीतली माणसं परकी नाहीत, आपलेच भाऊबंद आहेत. देऊळ गळतं, हे खरं. माझ्या आईला शेवटची तीन वर्षं पालखीला वर येता आलं नाही, हेही खरं. म्हणून रस्त्याला विरोध म्हटला की लोक म्हणतात, तुम्हाला पुण्यात बसून झाडं सुचतात. हा टोमणा मी ऐकून घेतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. पण गडग्यापासून देवळापर्यंत किती अंतर आहे? सकाळी मी मोजली, एकशे ऐंशी पावलं. रस्ता गडग्यापर्यंत आणावा, पुढे जांभ्याच्या पायऱ्या आणि धरायला कठडा. ज्यांना तेही जमणार नाही त्यांच्यासाठी खुर्चीची डोली. आपल्या गावात उचलायला चार खांदे अजून मिळतात, निदान शिमग्याला तरी.

सात झाडांतला एक तो बेहडा आहे. समितीचं म्हणणं, तो आतून पोकळ आहे, कधीतरी मंडपावर पडेल. पोकळ आहेच. त्या पोकळीच्या तोंडाला मातीसारखा लिंपलेला भाग मी तुम्हाला दुर्बिणीतून दाखवला. तिथे धनेशाची मादी बसली आहे, जुनी माणसं जिला ककणेर म्हणतात. अंडी घालायची वेळ आली की ती ढोलीत शिरून आतून तोंड बंद करून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. पुढचे सुमारे तीन महिने नर उंबर-वडाची फळं आणून तिला आणि पिल्लांना त्या फटीतून भरवतो. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. त्याला म्हातारं, पोकळ, जाड बुंध्याचं झाडच लागतं, आणि आपल्या डोंगरावर असं झाड आता देवरहाटीखेरीज कुठे उरलंय, ते सकाळच्या वाटेवर तुम्हीच पाहिलंत.

समिती म्हणते, आम्ही कौल घेतलाय, देवाने उजवा दिलाय. मी देवाच्या शब्दापुढे जाणार नाही. फक्त गुरवकाकांना विचारलं, प्रश्न काय घातला होता? म्हणाले, "सभामंडप बांधावा का?" मग झाडं तोडू का, हा प्रश्न घातला होता का? काका हसले, म्हणाले, "तो कोणी सांगितलाच नाही." तेव्हा माझी पहिली विनंती ही की तो दुसरा प्रश्नही देवापुढे घालावा. जो कौल येईल तो मी मानीन.

दुसरी गोष्ट पैशाची. छपरासाठी द्यावेत आणि भरपूर द्यावेत, असं माझं मत आहे. वासे बदलायला हवेत, कौलं नवी हवीत, भिंतींना ओल आलीय. पायऱ्यांनाही द्यावेत. पण चेकबरोबर आपल्या बॅचचं एक पत्र जावं, त्यात रक्कम कशासाठी आणि कशासाठी नाही हे स्पष्ट लिहिलेलं असावं. गावकीची बैठक शिमग्याच्या आधी आहे. ज्यांची घरं गावकीत आहेत त्यांनी त्या दिवशी सुट्टी काढून यावं, नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर हळहळण्याचा उपयोग नाही. आपल्या वर्गातल्या निम्म्या जणी माहेरवाशिणी आहेत, त्यांना गावकीत बसायला मिळत नाही. हे बरं नाही, पण तो वेगळा वाद आहे. पत्रावर मात्र त्यांच्या सह्या चालतात, आणि माझ्या मते त्या आधी असाव्यात, कारण लहानपणी त्या झऱ्यावरून हंडे त्यांनीच वाहिलेत.

मसुदा मी लिहून आणलाय. दाराजवळच्या टेबलावर नोंदवहीशेजारी ठेवलाय. वाचा, खोडायचं तिथे खोडा, पटलं तरच सही करा. बाईंनी शुद्धलेखन तपासून द्यावं, ही विनंती. आणि गडग्यापाशी कुणाची तरी काठी राहिली होती, तीही त्याच टेबलाला टेकवून ठेवलीय.